हितसंबंधी संपादन (ऑनलाइन चरित्रलेख)

ज्याच्याकडून पगार मिळतो त्याच्याच चरित्राची नोंद कर्मचाऱ्याने ऑनलाइन मुक्त ज्ञानकोशात लिहिणे, वाढवणे किंवा तिच्यातला नकोसा मजकूर काढणे म्हणजे हितसंबंधी संपादन. मजकूर खोटा असलाच पाहिजे असे नाही. प्रत्येक वाक्य खरे असूनही नोंद एकांगी होते, कारण काय वगळायचे हे ठरवताना लिहिणाऱ्याच्या डोळ्यांपुढे वाचक नसतो, साहेब असतात.

मराठवाड्यात हा प्रश्न शिक्षणसंस्था, सहकारी साखर कारखाना, पतसंस्था किंवा लोकप्रतिनिधीचे कार्यालय अशा ठिकाणी उभा राहतो. ‘अध्यक्षांचे पान विकिपीडियावर आले पाहिजे’ असा निरोप येतो आणि काम संगणक जमणाऱ्या लिपिकाच्या, स्वीय सहायकाच्या नाहीतर तासिका तत्त्वावरील प्राध्यापकाच्या गळ्यात पडते. ज्याची नेमणूक दरवर्षी नव्याने व्हायची असते त्याने नाही कसे म्हणायचे? हाताशी साधने असतात ती गौरवग्रंथ, संस्थेची स्मरणिका आणि वाढदिवसाला निघालेली पुरवणी. पुरवणी वृत्तपत्रासोबत येते, पण ती अभीष्टचिंतनाच्या जाहिरातींवर उभी असते. तिला स्वतंत्र संदर्भ मानता येत नाही. ‘शिक्षणमहर्षी’, ‘सहकारमहर्षी’ ही विशेषणे अशाच मजकुरातून नोंदीत उतरतात.

विकिपीडिया चालवणाऱ्या विकिमीडिया फाउंडेशनने जून २०१४ मध्ये वापराच्या अटींत बदल करून मोबदला घेऊन केलेल्या संपादनाची जाहीर कबुली बंधनकारक केली. नियोक्ता कोण, काम कोणासाठी आणि संबंध काय, हे आपल्या खात्याच्या सदस्य पानावर, लेखाला जोडलेल्या चर्चा पानावर किंवा संपादन सारांशात, म्हणजे बदल जतन करताना लिहायच्या टिपणीत, लिहावे लागते. वेगळे मानधन मिळाले नाही म्हणून सुटका होत नाही. नोकरीचा भाग म्हणून सांगितलेले कामही यातच मोडते. ‘मी या संस्थेत नोकरीस आहे आणि अध्यक्षांविषयीचा हा मजकूर संस्थेच्या सांगण्यावरून सुचवत आहे’ एवढे एक वाक्य पुरते. ते लिहिण्याची लाज वाटू नये. कबुलीने कर्मचाऱ्याचेच संरक्षण होते, कारण उद्या बदल उलटवले गेले तर लपवाछपवीचा ठपका त्याच्या खात्यावर येत नाही.

कबुलीनंतरही थेट लेखात हात घालू नये अशी इंग्रजी विकिपीडियाची शिफारस आहे. चर्चा पानावर दुरुस्ती सुचवावी, स्वतंत्र संदर्भ जोडावा आणि निर्णय इतरांवर सोडावा. उघड उत्पात, म्हणजे मुद्दाम केलेली नासधूस, किंवा जिवंत व्यक्तीविषयीचा विनासंदर्भ बदनामीकारक मजकूर मात्र लगेच काढता येतो.

कार्यालयातून चरित्रे बदलण्याची चाल जुनी आहे. अमेरिकी प्रतिनिधीगृहाचे सदस्य मार्टी मीहन यांच्या कर्मचाऱ्यांनी विकिपीडियावरचे त्यांचे मूळ चरित्र काढून कार्यालयात तयार केलेले ठेवले होते. ठराविक मुदतीनंतर पायउतार होण्याचे मोडलेले वचन त्यातून गायब झाले. २००६ साली हे उघड झाले. २०१५ मध्ये इंग्रजी विकिपीडियाने छुप्या मोबदल्याच्या जाळ्यातील ३८१ खाती बंद केली. नोंद करून देतो, ती जपतो असे सांगून ही मंडळी पैसे उकळत होती.

१ मे २००३ रोजी सुरू झालेल्या मराठी विकिपीडियावर नियमित राबणारे सदस्य मोजके आहेत. त्यामुळे एकांगी पान वर्षानुवर्षे तसेच राहू शकते आणि प्रामाणिकपणे केलेली विनंतीही अनुत्तरित राहू शकते. उत्तर आले नाही तर चावडीवर, म्हणजे सर्व सदस्यांच्या सामाईक चर्चेच्या पानावर, विषय मांडावा. वाट पाहण्याचा कंटाळा ही थेट संपादनाची सबब नव्हे. मराठी विश्वकोशात नोंदीखाली लेखकाचे नाव असते. विकिपीडियावर इतिहास पानात प्रत्येक बदल राहतो खरा, पण खातेनावावरून तो माणूस कोणाच्या चाकरीत आहे हे कळत नाही. ती उणीव कबुलीच भरून काढते.

संस्थाचालकांनाही एक गोष्ट आधीच सांगायला हवी: पान आले की त्यावर संस्थेचा ताबा राहत नाही. चौकशीची बातमी विश्वसनीय वृत्तपत्रात आली असेल तर तीही तिथे येऊ शकते, आणि संस्थेच्या कर्मचाऱ्याने ती पुसणे हाच सर्वांत गंभीर प्रकार आहे.

व्यक्ती आदरणीय असली म्हणून नियम बदलत नाही. हैदराबाद मुक्तिसंग्रामाचे नेते गोविंदभाई श्रॉफ यांनी ज्या सरस्वती भुवन शिक्षणसंस्थेची धुरा वाहिली, तिथल्या कर्मचाऱ्याने त्यांच्याविषयी लिहितानाही आपली नोकरी नोंदवलीच पाहिजे. त्याच मुक्तिसंग्रामातल्या गावोगावच्या सत्याग्रहींमागे मात्र पान लिहायला सांगणारी संस्था नाही. त्यांच्या नातवंडांनी लेखणी हाती घेतली, तर नातेही हितसंबंधच आहे. तेही उघड करावे आणि चर्चा पानावरूनच सुरुवात करावी. घरातली वही किंवा आजोबांनी सांगितलेली आठवण कितीही मोलाची असली तरी संदर्भ म्हणून चालत नाही. ग्रंथ, तत्कालीन वृत्तपत्र असा प्रकाशित आधार लागतो.