'लंडन कॉलिंग' ऐंशीच्या दशकातला नाही

सोलापूरच्या पार्क चौकात आमच्या मित्रांमध्ये एक वाद वर्षानुवर्षे चालू आहे: 'द क्लॅश' या ब्रिटिश पंक रॉक बँडचा 'लंडन कॉलिंग' हा अल्बम कुठल्या दशकातला? बहुतेक जण ठामपणे सांगतात, ऐंशीच्या. ते चूक आहे.

हा दुहेरी अल्बम ब्रिटनमध्ये 14 डिसेंबर 1979 रोजी बाजारात आला. गाणी त्याच वर्षी लंडनच्या वेसेक्स स्टुडिओत ध्वनिमुद्रित झाली, निर्माता होता गाय स्टीव्हन्स. म्हणजे 1980 उजाडण्याआधीच रेकॉर्ड ब्रिटिश श्रोत्यांच्या हातात होती.

मग गैरसमज कुठून आला? अमेरिकेत अल्बम जानेवारी 1980 मध्ये निघाला. पुढे 1989 मध्ये 'रोलिंग स्टोन' या अमेरिकी मासिकाने ऐंशीच्या दशकातले सर्वोत्तम 100 अल्बम निवडले आणि यालाच पहिला क्रमांक दिला. एवढ्या मोठ्या मासिकाने छापलं म्हटल्यावर तेच तोंडी रुळलं. मासिकाने आपल्या देशातली तारीख धरली, त्यात खोट काही नाही. पण बँड लंडनचा, मग तारीखही लंडनचीच धरायला हवी. पूर्वी मुंबईत लागलेला सिनेमा सोलापुरात कितीतरी उशिरा यायचा. म्हणून आपण त्याचं साल बदललं का?

काही मित्र म्हणतात, पण सूर तर ऐंशीचा आहे. मला तसं वाटत नाही. रेगे, स्का, रॉकाबिली या संगीतशैलींचं त्यातलं मिश्रण सत्तरच्या दशकाअखेरच्या लंडनमधूनच आलं आहे. बेरोजगारी आणि अणुदुर्घटनेची त्यातली भीतीही 1979 चीच.