इंजिन बदललेल्या जुन्या गाडीतील वातानुकूलन

जुन्या मोटारगाडीचे मूळ इंजिन काढून तिथे दुसऱ्या, बहुधा नव्या पिढीतल्या इंजिनाची जोडणी केल्यानंतर एसी पुन्हा चालू करण्याचे काम. मोटारीचा एसी एका जागी बसवलेले यंत्र नसते. इव्हॅपोरेटर (गॅरेजच्या बोलीत कूलिंग कॉइल), ब्लोअर आणि कंडेन्सर (गॅसची उष्णता बाहेर टाकून त्याचा द्रव करणारा भाग) बॉडीला जोडलेले असतात. कॉम्प्रेसर मात्र इंजिनाच्या अंगावर असतो आणि त्याच्याच पट्ट्यावर फिरतो. इंजिन उतरवले की एसीचेही दोन भाग होतात. नव्या इंजिनाबरोबर येणारा भाग भलत्याच गाडीसाठी घडवलेला असल्याने पट्टा, पाइप आणि वायर या तिन्ही ठिकाणी सांधा नव्याने जुळवावा लागतो.

असे इंजिनबदल सर्वत्र होतात, पण त्यांचा खरा बाजार अमेरिकेत आहे. पॅकार्ड कंपनीने १९४० च्या मॉडेलमध्ये कारखान्यातूनच एसी देऊ केला होता आणि साठच्या दशकात तो तिथल्या मोठ्या गाड्यांत रुळला. त्या काळातल्या शेव्हरोले गाड्यांत आणि पिकअपमध्ये, इतकेच काय डॅटसन २४० झेड किंवा व्होल्व्हो २४० मध्येही, आज जनरल मोटर्सचे एलएस घराण्यातले व्ही-८ इंजिन बसवतात. हे इंजिन १९९७ च्या कॉर्व्हेटमधून बाजारात आले. पुढे त्याची भावंडे लाखो ट्रकमध्ये बसली, त्यामुळे भंगारबाजारात ती सहज मिळतात. ॲरिझोना किंवा टेक्सासच्या उन्हाळ्यात एसीविना अशी गाडी हौसेपुरतीच उरते. तरीही बहुतेक जण एसीला सर्वांत शेवटी हात घालतात. तोवर इंजिन माउंट (इंजिन धरणारे आधार) वेल्ड झालेले असतात, एक्झॉस्ट मॅनिफोल्ड बसलेला असतो आणि कॉम्प्रेसरला जागाच उरलेली नसते. या कामातली निम्मी डोकेदुखी या क्रमामुळे ओढवते. कॉम्प्रेसर कुठे बसणार हे माउंट पक्के करण्याआधी ठरवायला हवे.

एलएस इंजिनावर मूळ कॉम्प्रेसर उजव्या बाजूला, खाली असतो. ट्रकच्या रुंद चेसिसमध्ये ही जागा सोयीची असते. पण १९६७–६९ च्या कॅमारोसारख्या गाडीत तो थेट चेसिसच्या पट्टीला जाऊन भिडतो. मग एक तर पट्टीला खाच मारावी लागते, नाहीतर वेगळी ब्रॅकेट घेऊन कॉम्प्रेसर वर न्यावा लागतो. खाच मारली तर त्या जागी आतून जाड पत्रा लावून मजबुती देणे आलेच, म्हणून बहुतेक जण दुसरी वाट धरतात. वरच्या जागेसाठी सँडेन या जपानी कंपनीचे एसडी-५०८ (१३८ घनसेंमी) किंवा सात सिलिंडरचे एसडी-७ मालिकेतले छोटे कॉम्प्रेसर वापरतात. ते आडवे कलवून बसवले तरी चालतात, पण उलटे बसवले तर वंगणाची वाट चुकते.

एलएसमध्ये आणखी एक चकवा आहे. क्रँकशाफ्टच्या पुढची पुली इंजिनापासून तीन वेगवेगळ्या अंतरांवर येते. कॉर्व्हेटची इंजिनाला सर्वांत जवळ, कॅमारोची मधली आणि ट्रकची सर्वांत पुढे, म्हणजे कॉर्व्हेटपेक्षा सुमारे दीड इंच बाहेर. एका संचाची पुली आणि दुसऱ्याची ब्रॅकेट लावली की पट्टा तिरका धावतो, आवाज करतो आणि शेवटी उडतो. पुल्या एका रेषेत आहेत की नाही हे नुसत्या डोळ्यांनी कळत नाही. सरळ पट्टी लावून पाहावे लागते.

अगदी अलीकडच्या इंजिनांवरचे काही कॉम्प्रेसर मॅग्नेटिक क्लचविना (पट्ट्याची फिरकी कॉम्प्रेसरला जोडणाऱ्या-तोडणाऱ्या विजेच्या भागाविना) चालतात. त्यांची क्षमता एका विद्युत व्हॉल्व्हने कमीजास्त होते आणि त्या व्हॉल्व्हला गाडीच्या संगणकाकडून सतत संकेत लागतो. जुन्या गाडीत तो संकेत देणारे कोणीच नसते. म्हणून असा कॉम्प्रेसर चांगल्या स्थितीत असला तरी तो काढून साधा क्लचवाला लावणे शहाणपणाचे.

गारवा देणाऱ्या गॅसचा प्रश्न यापेक्षा जुना आहे. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत मोटारींत आर-१२ हा गॅस वापरत. १९८७ च्या माँट्रियल करारानंतर त्याचे उत्पादन टप्प्याटप्प्याने थांबले : अमेरिकेत १९९५ अखेर, विकसनशील देशांत २०१० पर्यंत. त्याची जागा आर-१३४ए ने घेतली, आणि आता बऱ्याच नव्या गाड्यांत आर-१२३४वायएफ येतो. आर-१२ बरोबर खनिज तेल फिरत असे. आर-१३४ए मध्ये ते नीट मिसळत नाही आणि मग कॉम्प्रेसर कोरडा पडून जॅम होतो. म्हणून पॅग किंवा एस्टर हे कृत्रिम तेल घालतात. पॅग हवेतली ओल झपाट्याने शोषते, तेव्हा त्याचा डबा फोडून ठेवू नये. जुने होज पाइप नव्या गॅसला झिरपू देतात, त्यामुळे आतून नायलॉनचा थर असलेले पाइप आणि नव्या ओ-रिंग घालायच्या. ड्रायर (गॅसमधली ओल शोषणारी डबी) तर प्रत्येक वेळी नवाच लागतो. स्वस्त पडतो म्हणून एलपीजीसारखा ज्वलनशील गॅस भरण्याची टूम अधूनमधून निघते. गळका इव्हॅपोरेटर केबिनमध्ये उघडतो हे लक्षात घेतले तर त्यावर अधिक बोलण्याची गरज नाही.

मूळ कूलिंग कॉइल शाबूत असेल तर ती ठेवता येते, पण तिच्यावर नियंत्रण कसे होते ते पाहावे. साठच्या दशकातल्या जनरल मोटर्सच्या गाड्यांत कॉम्प्रेसर अखंड फिरत असे आणि पीओए नावाचा व्हॉल्व्ह कॉइलमधला दाब सुमारे ३० पीएसआयवर (पाउंड प्रति चौरस इंच) धरून बर्फ जमू देत नसे. तो दाब आर-१२ ला धरून ठरवला होता. आर-१३४ए साठी तो काही पीएसआयने खाली आणावा लागतो. नाहीतर वारा जेमतेम गार येतो आणि मालक गॅस कमी आहे असे समजून आणखी भरत राहतो. सोपा पर्याय म्हणजे तो व्हॉल्व्ह काढून कॉइलच्या पात्यांत खुपसलेला थर्मोस्टॅट लावणे. कॉइल गोठणबिंदूच्या जवळ पोहोचली की तो क्लच सोडवतो.

एसीचा खरा कस ट्रॅफिकमध्ये लागतो. हमरस्त्यावर जवळजवळ कोणताही एसी गार करतो. नवे इंजिन लांब असले की रेडिएटरमागचा मूळ यांत्रिक पंखा काढून विजेचा बसवतात आणि तो अनेकदा कमी हवा ओढतो. कंडेन्सरची उष्णता बाहेर न गेल्याने उभ्या गाडीत दाब चढत जातो. आर-१३४ए ५५ अंश सेल्सिअसला द्रवरूप होतो तेव्हा त्याचा दाब जवळपास १५ बार असतो. तो २० च्या पुढे रेंगाळू लागला की आधी पंख्याकडे पाहावे. जुना नळी-पात्यांचा कंडेन्सर काढून जागेत मावेल तेवढा मोठा पॅरलल-फ्लो (समांतर बारीक नळ्यांचा) कंडेन्सर लावणे हा या सगळ्या खर्चातला सर्वांत वसूल होणारा खर्च. सोबत तीन कामांचा प्रेशर स्विच हवा : गॅस संपला की क्लच तोडणारा, दाब धोक्याच्या पातळीला गेला की तोडणारा आणि मधल्या टप्प्यावर पंखा चालू करणारा.

जुन्या गाडीत डॅशबोर्डवरचे बटण थेट क्लचला वीज देई. संगणकावर चालणाऱ्या इंजिनाला ही पद्धत मानवत नाही. क्लच अचानक बसला की आयडलिंग कोसळते आणि सिग्नलला गाडी बंद पडते. म्हणून बटणाची वायर क्लचकडे न नेता संगणकाच्या ‘एसी हवा’ या पिनकडे न्यायची. संगणक आधी आयडलिंग चढवतो, मग रिलेमार्फत क्लच लावतो, आणि ॲक्सिलरेटर पेडल पूर्ण दाबले की तो क्षणभर सोडतो. क्लचच्या कॉइलवर एक डायोडही हवा. तो नसेल तर क्लच सुटताना उसळणारा विजेचा झटका संगणकापर्यंत पोहोचू शकतो.

सगळे जोडून झाल्यावर आधी नायट्रोजन भरून गळती पाहतात. मग व्हॅक्यूम पंप निदान अर्धा तास चालवतात. २५ अंशांच्या दिवशी पाणी सुमारे ३२ मिलिबार दाबाला उकळते, म्हणजे पंप त्याहून बराच खाली गेल्याशिवाय आतली ओल निघत नाही. गॅस किती भरायचा याचे जुने स्टिकर आता तंतोतंत लागू पडत नाही, कारण कंडेन्सर आणि पाइप दोन्ही बदललेले असतात. त्यावरच्या आर-१२ च्या आकड्याच्या ८० टक्क्यांपासून सुरुवात करून गेज आणि गार वारा येणाऱ्या जाळीपाशी धरलेला थर्मामीटर पाहत थोडाथोडा वाढवतात. एसीच्या पाइपलाइनवरच्या छोट्या काचेच्या खिडकीतले बुडबुडे पाहून गॅस भरण्याची सवय आर-१२ च्या काळातली. आर-१३४ए मध्ये त्या नादात गॅस जास्तच भरला जातो.

जुन्या बॉडीत परकीय इंजिन ही गोष्ट मुंबईला नवी नाही. कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्याने १९८५ मध्ये फियाट १२४ च्या बॉडीत निसानचे १,१७१ सीसीचे इंजिन घालून ११८ एनई आणली आणि ती एसीसह मिळत असे. पुढे हिंदुस्तान मोटर्सनेही अँबेसेडरमध्ये इसुझुचे १,८१७ सीसीचे इंजिन घातले. मात्र कारखान्याने केलेला बदल वेगळा आणि मालकाने केलेला वेगळा. भारतात मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार निर्मात्याने मुळात दिलेल्या तपशिलाशी विसंगत बदल करता येत नाही आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हे कलम काटेकोरपणे लावले. पन्नास वर्षांहून जुन्या गाड्यांसाठी २०२१ मध्ये आलेल्या व्हिंटेज नोंदणीलाही गाडी मूळ रूपात असावी लागते. त्यामुळे इथले बहुतेक जुन्या गाड्यांचे मालक मूळ इंजिन ठेवून डॅशबोर्डखाली लटकणारे एसी युनिट बसवतात. प्रीमियर पद्मिनीच्या सुमारे ४० अश्वशक्तीतून कॉम्प्रेसर आपला वाटा उचलतो, तेव्हा घाटात एसी बंद करावा लागतो.