ब्लॅकरेझर : आत्मे गिळणाऱ्या तलवारीची कुळकथा

'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' या रोल-प्लेइंग गेममधील, म्हणजे खेळाडूंनी काल्पनिक पात्रे वठवायच्या खेळातील, ब्लॅकरेझर ही काळी तलवार १९७९ साली 'व्हाइट प्लूम माउंटन' या साहसकथेतून खेळात आली. लॉरेन्स शिक यांनी ही कथा हा खेळ प्रसिद्ध करणाऱ्या टीएसआर कंपनीत नोकरी मिळावी म्हणून आपल्या कामाचा नमुना या नात्याने लिहिली होती. खेळाचे एक जनक गॅरी गायगॅक्स यांना ती इतकी आवडली की त्यांनी शिक यांना कामावर घेतलेच, शिवाय कथाही विकत घेतली. चोरीला गेलेली तीन शस्त्रे केराप्टिस नावाच्या जादूगाराच्या ज्वालामुखीतून परत आणायची, एवढेच तिचे सूत्र. वेव्ह हा त्रिशूळ आणि व्हेल्म हा हातोडाही त्या तिघांत आहेत, पण खेळाडूंच्या मनात घर केले ते तलवारीने.

तिची बीजे मात्र खेळाच्या मूळ नियमांतच होती. गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी १९७४ मध्ये तीन छोट्या पुस्तिकांच्या रूपात हा खेळ प्रसिद्ध केला, तेव्हाच जादुई शस्त्रांपैकी केवळ तलवारींना बुद्धी, अहंकार आणि सुव्यवस्था, तटस्थता किंवा अनागोंदी यांपैकी एखाद्या बाजूकडे कल देण्यात आला होता. विरुद्ध कलाच्या पात्राने अशी तलवार नुसती उचलली तरी त्याला इजा होई, आणि तिची इच्छाशक्ती वरचढ ठरली तर पात्र तिच्या तंत्राने वागू लागे. माझ्या मते या खेळाने शस्त्रांच्या कल्पनेत घातलेली सर्वांत मोलाची भर हीच आहे, कारण फाशांवर मिळणाऱ्या अधिकच्या गुणांपेक्षा धनी आणि शस्त्र यांच्यातील झगड्यातूनच खेळात खरी गोष्ट घडते.

ब्लॅकरेझरचे थेट मूळ इंग्रज लेखक मायकेल मूरकॉक यांच्या एल्रिक-कथांत आहे. १९६१ साली 'सायन्स फँटसी' या इंग्रजी नियतकालिकातून वाचकांसमोर आलेला एल्रिक हा अशक्त, पांढुरका राजा स्टॉर्मब्रिंगर या तलवारीच्या बळावर जगतो. ती शत्रूंचे आत्मे पिते, त्यांची ताकद त्याला देते, पण त्याच्या प्रियजनांनाही सोडत नाही आणि अखेर त्याचाही घास घेते. त्याही मागे उत्तर युरोपची जुनी परंपरा आहे. आइसलँडच्या गाथेतील टिर्फिंग ही तलवार म्यानाबाहेर आली की माणूस मारल्याखेरीज परत जात नसे. एलियास ल्योनरोट यांनी लोकगीतांतून संकलित केलेल्या 'कालेवाला' या फिनिश महाकाव्यात कुलेर्वो आपल्या तलवारीला विचारतो की, अपराध्याचे रक्त तू आनंदाने पिशील का. निरपराधांचे रक्त प्यायले, मग अपराध्याचे का नको, असे ती उत्तर देते आणि तो तिच्या पात्यावर स्वतःला झोकून देतो. मला तरी या साऱ्या परंपरेतील सर्वांत भेदक प्रसंग हाच वाटतो.

स्टॉर्मब्रिंगरशी असलेले उघड साम्य शिक यांनाही नंतर खटकले. कथा छापली जाईल असे वाटले असते तर आपण ही तलवार घेतलीच नसती, असे त्यांनी सांगितले आहे. खेळाने मात्र तिला सोडले नाही. २०१४ च्या 'डन्जन मास्टर्स गाइड' या खेळ चालवणाऱ्यासाठीच्या नियमपुस्तकात ती दंतकथात्मक दर्जाची बोलकी तलवार म्हणून पुन्हा आली. तिचे पाते चांदण्यांनी भरलेल्या रात्रीच्या आकाशासारखे आहे. तिने मारलेल्या जीवाचे बळ धन्याला मिळते. पण मृतात्म्यांवर आणि चालत्या प्रेतांवर वार केल्यास ते उलटून शत्रूच्याच जखमा भरतात, आणि तीन दिवस एकही आत्मा मिळाला नाही तर सूर्यास्ताला तिचा धन्याशीच संघर्ष सुरू होतो.