गरिबी आणि विषमता: गुन्ह्यांच्या अर्थशास्त्रातला एक जुना घोळ

खानापूर असो, निपाणी असो वा खुद्द बेळगाव, पीएचडीनंतरच्या माझ्या संशोधनाचा विषय गुन्हे आणि आर्थिक विषमता हा आहे असे सांगितले, की समोरून बहुतेक वेळा एकच वाक्य येते: "म्हणजे गरिबी वाढली की चोऱ्या वाढतात, हेच ना?" शिक्षकांकडून, वकिलांकडून आणि वर्तमानपत्रांतल्या लेखांतून हे मी इतक्यांदा ऐकले आणि वाचले आहे, की त्यातली गाठ एकदा सावकाश सोडवणे मला भाग वाटते. प्रश्न विषमतेचा असतो आणि उत्तर गरिबीचे दिले जाते.

गरिबी म्हणजे काय, हे आपल्या भागातल्या वाचकाला समजावून सांगायची गरज नाही. एक रेषा ठरते आणि तिच्याखाली कोण राहिले ते मोजले जाते. तेंडुलकर समितीच्या पद्धतीने 2011-12 साठी ही रेषा ग्रामीण भागात दरमहा दरडोई 816 रुपये आणि शहरी भागात 1,000 रुपये होती. विषमता मोजताना रेषा नसते. जिनी गुणांकासारखे शून्य ते एक यांमधले माप वापरतात, ज्यात शून्य म्हणजे सर्वांची मिळकत सारखी. उत्पन्न मोजावे की खर्च, हा वाद दोन्हीकडे आहे आणि तो इथे महत्त्वाचा नाही.

माणसे खरोखर अडखळतात ती वेगळ्याच जागी. गरिबी हा एखाद्या घराचा गुण असू शकतो, विषमता हा कधीच एका घराचा गुण नसतो. अमुक घर गरीब आहे असे म्हणता येते. अमुक घर विषम आहे, या वाक्याला अर्थच नाही. विषमता असते ती अनेक घरांच्या समूहात, आणि तो समूह कुठे सुरू होतो व कुठे संपतो, हे कुणीतरी आधी ठरवलेले असते.

हिशेबासाठी दहा-दहा घरांची दोन काल्पनिक गावे घेऊ आणि गरिबीची रेषा घरटी महिना 10,000 रुपये धरू. पहिल्या गावात प्रत्येक घराची मिळकत 9,000 आहे. दुसऱ्या गावात नऊ घरांची मिळकत 15,000 आणि एकाची तीन लाख आहे. पहिले गाव संपूर्ण गरीब आहे, पण तिथे विषमता शून्य आहे. दुसऱ्या गावात एकही घर गरीब नाही, तरी विषमता प्रचंड आहे. आता ते तीन लाखांचे कुटुंब पुण्याला राहायला गेले असे समजा. उरलेल्या नऊ घरांत एका पैशाचा फरक पडलेला नाही, पण गावातली विषमता एका दिवसात नाहीशी झाली. गरिबी आणि विषमता हे शब्द एकमेकांच्या जागी वापरणाऱ्याने हे उदाहरण कागदावर मांडून पाहावे, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

सीमेचा प्रश्न यातूनच उभा राहतो. एका गावात सर्वांची मिळकत 9,000 आणि शेजारच्या गावात सर्वांची 90,000 असेल, तर गावनिहाय तक्त्यात दोन्हीकडे शून्य विषमता दिसेल, आणि दोन्ही गावे एका तालुक्यात धरली की तोच तालुका अत्यंत विषम ठरेल. हा केवळ गणिताचा खेळ नाही. दक्षिण आफ्रिकेतील पोलीस ठाण्यांच्या हद्दी घेऊन केलेला एक अभ्यास 2005 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात आसपासच्या सर्व हद्दींपेक्षा श्रीमंत असलेल्या हद्दींत घरफोड्यांचे प्रमाण 20 ते 30 टक्क्यांनी अधिक आढळले. तिथे हद्दीच्या आतल्या आर्थिक अंतराइतकेच हद्दीपलीकडच्या शेजाऱ्याशी असलेले अंतरही बोलत होते.

आपल्याकडे राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाचे तक्ते राज्यवार आणि जिल्हावार असतात. निपाणी कर्नाटकाच्या रकान्यात येते आणि कागल महाराष्ट्राच्या, जरी दोन्हीकडची माणसे त्याच महामार्गाने रोज ये-जा करतात आणि ऊस, तंबाखू, सोयरीक यांनी बांधलेली आहेत. बेळगाव शहराचे पोलीस आयुक्तालय वेगळे असल्यामुळे गुन्ह्यांच्या तक्त्यात शहर आणि उरलेला जिल्हा स्वतंत्र दिसतात, तर जनगणनेत जिल्हा एकच आहे. या दोन तक्त्यांची सरळ सांगड घालून कुणी विषमतेचा निष्कर्ष काढला, तर तो मी स्वीकारत नाही.

शब्दांची अदलाबदल केली तर निष्कर्षही बदलतो. अर्थशास्त्रज्ञ गॅरी बेकर यांनी 1968 च्या लेखात गुन्हा हा मिळकत, पकडले जाण्याची शक्यता आणि शिक्षा यांचा हिशेब म्हणून मांडला. त्या चौकटीत गरिबी म्हणजे सरळ मार्गाची कमाई अपुरी असणे, आणि विषमता म्हणजे शेजारी चोरण्याजोगे बरेच काही असणे. तेव्हा दोन्हींमुळे चोरी वाढावी. परंतु अर्थशास्त्रज्ञ मॉर्गन केली यांनी 2000 मध्ये अमेरिकेतील शहरी काउंटींचा (म्हणजे आपल्या जिल्ह्यांसारख्या विभागांचा) अभ्यास मांडला, त्यात विषमतेचा परिणाम मालमत्तेच्या गुन्ह्यांवर आढळला नाही, हिंसक गुन्ह्यांवर मात्र ठळकपणे आढळला. गरिबीचे नेमके उलट होते. चोरीचे कारण म्हणून जी गोष्ट आपण विषमतेच्या नावाने सांगतो, ती निदान त्या आकडेवारीत गरिबीची होती. हिंसेचे स्पष्टीकरण नफ्या-तोट्याच्या हिशेबात बसत नाही. समाजाने सर्वांसमोर ठेवलेले ध्येय आणि त्याकडे जाणारी बंद वाट यांतल्या ताणाविषयी समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट मर्टन यांनी 1938 मध्ये जे लिहिले, ते मला इथे अधिक पटते.

आपल्या भागातल्या आकड्यांना आणखी एक मर्यादा आहे: कन्नडमध्ये लिहिल्या जाणाऱ्या फिर्यादीपर्यंत मराठी बोलणारी बाई पोचते की नाही, यावरही नोंद अवलंबून असते. त्यामुळे तुलना करताना मी खुनाच्या नोंदी आधी पाहते. त्या लपवणे त्यातल्या त्यात कठीण असते.

हा घोळ मला नुसता शाब्दिक वाटत नाही, याचे कारण त्याची किंमत ठरावीक माणसे मोजतात. विषम जिल्ह्यांत हिंसा अधिक आहे, हे विधान जिल्ह्याविषयी आहे. त्यातून हिंसा कुणी केली हे कळत नाही. ती गरिबाने केली, श्रीमंताने केली की दोघांच्या मधल्याने, याबद्दल ते मुके आहे. ते विधान गरिबीच्या भाषेत आणले की लगेच एक वस्ती, भटक्यांचे एक पाल, एक आडनाव नजरेसमोर येते. अख्ख्या जमातींना गुन्हेगार ठरवणाऱ्या 1871 च्या ब्रिटिश गुन्हेगार जमाती कायद्याने हेच केले होते. समाजाच्या रचनेत शोधायची गोष्ट त्याने माणसांच्या जन्मात शोधली. तो कायदा 1952 मध्ये रद्द झाला, तरी गावात चोरी झाली की पहिली चौकशी अजूनही पालांवर होते. अशा चौकशीच्या समर्थनार्थ कुणी विषमतेवरच्या संशोधनाचा हवाला दिला, तर त्या संशोधनात एकाही घराबद्दल एक शब्दही नाही, हे त्याला तिथल्या तिथे सांगावे.