वृत्तलेखनशैली आणि उपसंपादन

वृत्तमाध्यमांत बातमी लिहिण्याची जी विशिष्ट रीत रूढ झाली तिला वृत्तलेखनशैली म्हणतात. बातमीदाराकडून आलेला मजकूर, म्हणजे व्यवहारातील ‘कॉपी’, तपासून, छाटून, दुरुस्त करून व मथळा देऊन प्रसिद्धीयोग्य करण्याचे काम म्हणजे उपसंपादन. ब्रिटिश वळणाच्या कचेऱ्यांत हे काम उपसंपादक करतो. अमेरिकेत त्यालाच कॉपी एडिटर म्हणतात. मुद्रितशोधन हे त्याहून वेगळे. मुद्रितशोधक जुळवलेला मजकूर मूळ प्रतीशी ताडून पाहतो. मूळ प्रतच चुकली असेल, तर ती चूक पकडणे उपसंपादकाकडे येते. लिहिणारा आणि कापणारा यांचा सराव एकाच कॉपीवर होत असल्याने दोन्ही विषय येथे एकत्र घेतले आहेत.

उलट्या पिरॅमिडचा उगम : सर्वांत महत्त्वाचे आधी, तपशील नंतर, पार्श्वभूमी अखेरीस, अशा रचनेला उलटा पिरॅमिड म्हणतात. खालचे परिच्छेद कापले तरी उरलेली बातमी आपल्या पायांवर उभी राहावी, ही तिची कसोटी. ही रचना केव्हा व का आली, याबद्दल मतभेद आहेत.

पहिली उपपत्ती तारायंत्राची. वॉशिंग्टन–बॉल्टिमोर तारमार्गावरून तारायंत्राचे प्रवर्तक सॅम्युएल मोर्स यांचा संदेश १८४४ मध्ये गेला, न्यूयॉर्कच्या वृत्तपत्रांनी एकत्र येऊन १८४६ मध्ये असोसिएटेड प्रेस या वृत्तसंस्थेचा पाया घातला, आणि अमेरिकी यादवी युद्धात (१८६१–६५) तारा महाग व बेभरवशाच्या असल्यामुळे बातमीचे सार आधी पाठवण्याची सवय लागली, असे ही उपपत्ती सांगते. पाठ्यपुस्तकांत सर्रास हीच आढळते. परंतु युद्धकाळातील बहुतेक वार्तापत्रे घटना घडली त्याच क्रमाने, ऐसपैस लिहिलेली आहेत. शिवाय तार आल्यानंतर ही रचना सार्वत्रिक व्हायला काही दशके का लागली, याचे उत्तर त्यात मिळत नाही.

दुसरे मत अमेरिकी पत्रकारिता-अभ्यासक डेव्हिड मिंडिच यांनी १९९८ मध्ये मांडले. अब्राहम लिंकन यांच्या हत्येच्या वेळी, १४–१५ एप्रिल १८६५ च्या रात्री, युद्धमंत्री एडविन स्टँटन यांनी धाडलेल्या तारांत या रचनेचा आरंभीचा नमुना दिसतो, म्हणजे ती वृत्तपत्राच्या कचेरीपेक्षा सरकारी कारभाराच्या भाषेतून आली असावी, असे त्यांचे म्हणणे. हे मत आकर्षक आहे, पण निकष काटेकोर लावला तर थोडे ताणलेले वाटते. स्टँटन यांची पहिली तार वेळ, नाट्यगृह, राष्ट्राध्यक्ष बसले होते तो खासगी कक्ष (बॉक्स) व सोबतची माणसे सांगून मग गोळीबारावर येते. त्याच रात्री असोसिएटेड प्रेसचे बातमीदार लॉरेन्स गोब्राइट यांनी पाठवलेली पहिली छोटी तार मात्र थेट आहे : राष्ट्राध्यक्षांवर आज रात्री नाट्यगृहात गोळी झाडली गेली आणि जखम कदाचित प्राणघातक आहे, एवढाच तिचा आशय. यातील ‘कदाचित’ लक्षात घेण्याजोगा. लिंकन दुसऱ्या दिवशी सकाळी सातनंतर वारले. रात्री जे निश्चित ठाऊक नव्हते ते गोब्राइट यांनी निश्चित म्हणून लिहिले नाही.

तिसऱ्या मताचे अभ्यासक ही रचना बरीच उशिरा आल्याचे मानतात. जर्मन अभ्यासक होर्स्ट पॉट्टकर यांनी न्यूयॉर्कच्या दोन दैनिकांचे जुने अंक तपासून, ती १८८० च्या दशकाच्या आसपास रुळली आणि वाचकाला बातमी चटकन कळावी हा हेतू तिच्यामागे होता, असा निष्कर्ष २००३ मध्ये काढला. अमेरिकी समाजशास्त्रज्ञ मायकेल शुडसन यांनी अमेरिकी राष्ट्राध्यक्षांच्या वार्षिक संदेशाच्या बातम्या पाहून दाखवले, की आधी नुसते कामकाज नोंदवणारा बातमीदार विसाव्या शतकाच्या आरंभी संदेशातले महत्त्वाचे काय ते पहिल्या परिच्छेदात स्वतः ठरवू लागला होता. उपलब्ध अंकांशी हे मत अधिक जुळते. तारायंत्र निमित्त असेल, एकमेव कारण नव्हे.

सहा ककार : कोण, काय, कधी, कुठे, का, कसे या प्रश्नांचा उगम वृत्तपत्रांच्या फार आधीचा आहे. ग्रीक वक्तृत्वशास्त्रज्ञ हर्मागोरस याच्या नावावर अशा सात ‘परिस्थिती’ सांगितल्या जातात. त्याचा ग्रंथ मात्र उरलेला नाही, पुढच्या लॅटिन लेखकांच्या उल्लेखांवरून तो कळतो. हे मूळ ॲरिस्टॉटलच्या नीतिविचारापर्यंत मागे नेता येते, असे अलीकडे प्रतिपादन झाले आहे. सहाही उत्तरे पहिल्याच वाक्यात कोंबण्याचा आग्रह आता मागे पडला आहे.

वाक्यरचनेचा प्रश्न : उलटा पिरॅमिड ज्या भाषेत घडला त्या इंग्रजीत क्रियापद कर्त्याच्या पाठोपाठ येते. मराठीत ते शेवटी येते. परिणामी परिच्छेदांचा क्रम बरोबर असूनही वाक्याच्या आत पिरॅमिड पुन्हा सरळ उभा राहतो, आणि बातमी कळण्यासाठी वाचकाला पूर्णविरामापर्यंत चालत जावे लागते. इंग्रजीवरून बेतलेल्या पाठ्यपुस्तकांत या अडचणीला फारशी जागा नसते. सरावासाठी रचलेली पुढील कॉपी पाहावी :

‘जुन्या पुलाच्या दुरुस्तीच्या कामाची पाहणी करण्यासाठी आलेल्या अभियंत्यांच्या पथकाकडून पुलाच्या दोन खांबांना तडे गेल्याचे निदर्शनास आणून देण्यात आल्यानंतर पुलावरून होणारी अवजड वाहनांची वाहतूक बंद करण्याचा निर्णय घेण्यात आला आहे.’

नवशिका उपसंपादक बहुधा असे करतो : ‘जुन्या पुलाच्या दोन खांबांना तडे गेले आहेत. त्यामुळे पुलावर अवजड वाहनांना बंदी घालण्यात आली आहे.’ वाक्ये आटोपशीर झाली, पण दोन गोष्टी बिघडल्या. तडे गेले हे पथकाचे म्हणणे होते. ते आता वृत्तपत्राचे विधान झाले. आणि बंदी कोणी घातली, हा मूळ कॉपीतला खड्डा तसाच राहिला. ‘निर्णय घेण्यात आला’ या कर्मणी रचनेत कर्ता नाहीसा होतो व तो नाहीसा झाल्याचे लक्षातही येत नाही. अशा वेळी बातमीदाराला फोन करून विचारण्यावाचून गत्यंतर नसते. उत्तर ‘नगरपालिका’ असे आले, तर कॉपी अशी होते : ‘जुन्या पुलावर अवजड वाहनांना नगरपालिकेने बंदी घातली आहे. पुलाच्या दोन खांबांना तडे गेल्याचे अभियंत्यांच्या पथकाला पाहणीत आढळले.’ बंदी आज लागू झाली, म्हणून ती आधी. ‘करण्यात येऊन’, ‘निदर्शनास आणून देण्यात’ असली सरकारी पत्रकांतली पदे कॉपीत घर करून बसतात. ती उपटणे हा उपसंपादकाचा रोजचा उद्योग आहे.

श्रेयनिर्देश व पडताळणी : कोण म्हणाले हे सांगणाऱ्या क्रियापदात अभिप्राय लपलेला असतो. ‘म्हणाले’ व ‘सांगितले’ तटस्थ आहेत. ‘दावा केला’ शंका सुचवतो, ‘कबूल केले’ दोष गृहीत धरतो, ‘स्पष्ट केले’ बोलणाऱ्याची बाजू खरी मानतो. पुनरुक्ती टाळण्याच्या हौसेने ही पदे एकमेकांच्या जागी वापरणे ही शैलीची नव्हे, वस्तुस्थितीची चूक ठरते. संशयित, आरोपी व दोषी यांतील फरकही असाच. आकड्यांत बेरीज, वय व तारीख–वार यांची जुळणी स्वतः करून पाहावी लागते. प्रमाण १० टक्क्यांवरून १५ टक्क्यांवर गेले, तर वाढ ५ टक्क्यांची नसून ५ टक्केबिंदूंची असते. टक्क्यांत ती ५० भरते.

शैलीपुस्तिका : कचेरीत एक शब्द एकाच रीतीने छापला जावा, यासाठीचे नियम आधी छापखान्यांनी केले. ऑक्सफर्ड विद्यापीठाच्या छापखान्यात होरेस हार्ट यांनी जुळाऱ्यांसाठी, म्हणजे छपाईचे खिळे जुळवणाऱ्या कामगारांसाठी, १८९३ मध्ये केलेले नियम १९०४ मध्ये सर्वांसाठी प्रसिद्ध झाले. शिकागो विद्यापीठाची पुस्तिका १९०६ ची, मँचेस्टर गार्डियनची १९२८ ची, असोसिएटेड प्रेसची १९५३ ची. कॅन्सस सिटी स्टार या दैनिकाच्या नियमपत्रिकेत छोटी वाक्ये व छोटा पहिला परिच्छेद यांना अग्रस्थान होते; अर्नेस्ट हेमिंग्वे १९१७–१८ मध्ये तेथे उमेदवारी करत होते, म्हणून ती प्रसिद्धीस आली. रुडॉल्फ फ्लेश व रॉबर्ट गनिंग यांची वाचनसुलभतेची सूत्रे वृत्तसंस्थांनी आजमावली. ती शब्दांतील अवयव, म्हणजे उच्चारखंड (सिलेबल), मोजतात. ‘पुलावरूनसुद्धा’ हा एकच शब्द असणाऱ्या भाषेत त्यांचा उपयोग बेताचाच.

सराव : प्रशिक्षणात साधारणतः चारशे शब्दांची कॉपी दीडशेवर आणणे, एकाच घटनेचे पहिले वाक्य वेगवेगळ्या वाचकांसाठी लिहिणे व मथळा ठरलेल्या जागेत बसवणे हे अभ्यास असतात. कॉपी हात न लावता एकदा पूर्ण वाचावी, मग दुरुस्त करावी, मग नावे व आकड्यांसाठीच पुन्हा पाहावी, असा क्रम बहुतेक सांगतात. मोठ्याने वाचल्यास अडखळणारी जागा कानाला आधी कळते. कापलेला मजकूर पुन्हा ठेवायचा असल्यास त्याखाली टिंबे देण्याची मुद्रितशोधनातली खूण कागदावर चाले. पडद्यावर ती गेली, आणि काय कापले याचा मागही बऱ्याचदा तिच्याबरोबर जातो.

अलीकडील बदल : अमेरिकी दैनिकांत कॉपी डेस्क, म्हणजे उपसंपादकांचे टेबल, घोड्याच्या नालेच्या आकाराचे असे, आतल्या बाजूला मुख्य उपसंपादक, कडेने इतर. संगणक आल्यावर ही बैठक मोडली. न्यूयॉर्क टाइम्सने २०१७ मध्ये स्वतंत्र कॉपी डेस्क बंद केले, तेव्हा तेथील कर्मचाऱ्यांनी काही वेळ काम सोडून निषेध नोंदवला. इतरत्रही लिहिणे, तपासणे व प्रसिद्ध करणे ही कामे अनेकदा एकाच व्यक्तीकडे आली असून, आपलीच कॉपी परक्याच्या नजरेने वाचण्याचा सराव प्रशिक्षणात नव्याने घ्यावा लागत आहे.