स्ट्राँग टोन: बाटलीतला की डब्यातला?

सिटाडेल कंपनीचं नुल्न ऑइल (काळा वॉश) किंवा ॲग्रॅक्स अर्थशेड (तपकिरी वॉश) ज्याने मिनिएचरवर, म्हणजे टेबलावरच्या युद्धखेळातल्या छोट्या आकृतीवर, एकदा तरी लावलंय, त्याला वॉश काय करतो हे सांगायला नको. पातळ रंग खाचांत उतरतो, उठावावर विरळ राहतो, झग्याच्या चुण्या दिसू लागतात. घोळ पुढे आहे. आर्मी पेंटर या दुसऱ्या रंगकंपनीचा 'स्ट्राँग टोन' ड्रॉपरच्या बाटलीत मिळतो आणि पत्र्याच्या डब्यातही. नाव एकच, दोन्ही तपकिरी, म्हणून लोक एकाच्या जागी दुसरा सुचवून मोकळे होतात. कृपा करून असं सुचवू नका.

बाटलीतला वॉश पाण्यात मिसळणारा ॲक्रिलिक आहे. डब्यातला स्टेन म्हणजे रंग घातलेलं वार्निश. ब्रश धुवायला टर्पेंटाइन लागतं, वास घरभर होतो. एवढं डबा उघडला की कळतंच. कळत नाही ती कामातली त्यांची जागा.

वॉश मधे येतो. आधी बेस रंग (खालचा मूळ थर), मग वॉश, तो नीट सुकला की उठावांवर पुन्हा तोच बेस रंग आणि मग हायलाइट, म्हणजे उठावांवरच्या उजळ छटा. वॉशने मळकटलेला झगा या वरच्या थरांनीच उजळतो. स्टेन मात्र शेवटी. सुकल्यावर त्याचं चकचकीत कवच होतं आणि त्यावर ॲक्रिलिक रंग नीट धरत नाही. म्हणून हायलाइट आधीच उरकायचे, तेही डोळ्याला बरे वाटतात त्याहून थोडे जास्तच उजळ, कारण स्टेन सगळंच गडद करतो. मग पुरता एक दिवस थांबायचं आणि मॅट वार्निश फवारून चकाकी मारायची. चकाकी बघून डब्याला नावं ठेवणारे बहुतेकदा हेच विसरलेले असतात. मुंबईच्या पावसाळ्यात मात्र फवारणीला कोरडा दिवस बघा. दमट हवेत पांढरट धुकं चढतं आणि महिन्याची मेहनत वाया जाते.

चाळीस सांगाडे एकदम रंगवायचे असतील तर स्टेन घ्या, पण ब्रशने लावा. आकृती बुडवून झटकायची जुनी रीत मला मुळीच पटत नाही, चेहरे बुजतात. सेनापती एकटाच असेल तर वॉशच. काळा वॉश पोलादापुरता ठेवा. त्वचेवर आणि सोन्यावर रेइकलंड फ्लेशशेड, सिटाडेलचाच तांबूस तपकिरी वॉश. आणि साचलेला थेंब ओला असतानाच स्वच्छ ब्रशने टिपून घ्या. सुकला की चहाच्या कपाखाली उमटतं तसं कडं राहतं, ते झाकायला बेस रंगापासून सुरुवात करावी लागते.