किडनीतले वण विणणाऱ्या पेशी येतात कुठून?

मूळ दुखणे मधुमेहाचे असो, रक्तदाबाचे असो वा मूत्रमार्गातल्या अडथळ्याचे. ते वर्षानुवर्षे रेंगाळले की किडनीतल्या सूक्ष्म मूत्रनलिकांच्या मधल्या जागेत कोलॅजन हे तंतुमय प्रथिन साचते, नलिका आक्रसतात, केशवाहिन्या विरळ होतात. किडनी किती निकामी झाली आहे, हे ग्लोमेरुलसपेक्षा (रक्त गाळणाऱ्या केशवाहिन्यांच्या गुच्छापेक्षा) या मधल्या जागेवरून जास्त कळते, एवढे १९६०च्या दशकाअखेरीस ठाऊक झाले होते. हे कोलॅजन तयार कोण करते, हा वाद त्यानंतरचा.

अस्तराच्या पेशी आकार बदलून भटक्या होऊ शकतात, हे १९८०च्या दशकात कोंबडीच्या भ्रूणावरील कामातून पुढे आले. किडनीतही तसेच घडत असावे, म्हणजे नलिकेच्या अस्तराच्या पेशीच कोलॅजन बनवणाऱ्या फायब्रोब्लास्ट पेशी होत असाव्यात, असे मग मानले जाऊ लागले. त्याला बळ दिले २००२ च्या उंदरांवरील प्रयोगाने. एका बाजूची मूत्रवाहिनी बांधली, नलिकेच्या पेशींवर आधीच जनुकीय खूण केलेली होती; सुमारे ३६ टक्के फायब्रोब्लास्टवर ती सापडली. पुढची कित्येक वर्षे हा आकडा लेखांतून फिरत राहिला.

पण फायब्रोब्लास्ट ओळखायचा कशावरून? त्या प्रयोगात एफएसपी-१ या प्रथिनावरून तो ओळखला होता, आणि सगळी गोम तिथेच आहे. हे प्रथिन मॅक्रोफेजसारख्या पांढऱ्या पेशींतही आढळते; उलट कोलॅजन ओतणाऱ्या बहुतेक मायोफायब्रोब्लास्टमध्ये (आकुंचन पावू शकणाऱ्या, सक्रिय झालेल्या फायब्रोब्लास्टमध्ये) ते नसतेच. प्रयोगशाळेतल्या बशीत टीजीएफ-बीटा हे पेशींना संदेश देणारे प्रथिन घातले की नलिकेच्या पेशी लांबट होतात, हाही पुरावा म्हणून पुढे केला जाई. बशीत ओलांडायला तळपटलच (नलिकेला बाहेरून वेढणारा पातळ पडदा) नसते, याकडे काणाडोळा झाला.

२०१० मध्ये पुन्हा खुणा करून पाहिले, तेव्हा नलिकेची खूण असलेला एकही मायोफायब्रोब्लास्ट मिळाला नाही. माग केशवाहिन्यांना बिलगलेल्या पेरिसाइटपर्यंत गेला. २०१३ च्या एका मोजणीत नलिकेचा वाटा ५ टक्क्यांवर आला. २०२१ मध्ये मानवी किडनीतील एकेक पेशी तपासल्यावरही मुख्य बोट पेरिसाइट आणि फायब्रोब्लास्टकडेच वळले.

तरी नलिका सुटली नाही. २०१५ च्या दोन अभ्यासांत पेशीला रूप बदलायला लावणारी स्नेल किंवा ट्विस्ट ही जनुके फक्त नलिकेत बंद केली, तर फायब्रोसिस (वण साचणे) घटला. म्हणजे पेशी अर्धवट बदलते, जागा सोडत नाही, विभाजनाच्या उंबरठ्यावर अडकते आणि तिथूनच शेजारच्या फायब्रोब्लास्टना चिथावणारे संदेश सोडत राहते.